भिंगाचा भाव : रेंजफाइंडर लेन्सची शंभर वर्षे

नोकरीत खरेदीच्या फायली हाताळणाऱ्या आम्हा मंडळींना एक सवय जडलेली असते. वस्तू टेबल असो की पाण्याचा पंप, आधी तीन दरपत्रके मागवायची, मग तुलनात्मक तक्ता मांडायचा. एका रकान्यात वस्तू काय काम करते ते, शेजारच्या रकान्यात तिचा दर. दोन दरांत दीडपट-दुप्पट फरक दिसला की शेरा मारायचा : 'कारण स्पष्ट करावे.'

फोटोग्राफीच्या नादामुळे असाच एक तक्ता गेली काही वर्षे आमच्या डोक्यात घोळतो आहे. २०१२ साली जर्मनीच्या लायका कंपनीने ५० मिमीची, एफ/२ छिद्राची 'एपो-सुमिक्रॉन' ही लेन्स बाजारात आणली. अमेरिकेत तिची किंमत होती ७,१९५ डॉलर. २०२० मध्ये जपानच्या कोसिना कंपनीने फोइग्टलँडर या नावाखाली 'एपो-लँथार' आणली. तीही ५० मिमी, तीही एफ/२, त्याच कॅमेऱ्यावर बसणारी. किंमत सुमारे हजार डॉलर. चाचण्यांमध्ये दोघींची कामगिरी जवळजवळ बरोबरीची ठरली. दरात मात्र सातपट अंतर. आमच्या खात्यात ही फाइल एका दिवसात परत आली असती! पण या फरकाचे कारण स्पष्ट करायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते, आणि त्या वाटेवर आपले बडोदेही दोनदा भेटते.

सिनेमाच्या फिल्मवरचा कॅमेरा

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू केले. तेथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफी शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. याच दादासाहेबांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. तो ज्या ३५ मिमी रुंदीच्या, कडेला भोके पाडलेल्या फिल्मवर चित्रित झाला, त्याच प्रकारच्या फिल्मवर जर्मनीतील वेत्झलार गावी एक यंत्रज्ञ त्याच सुमारास प्रयोग करीत होता. त्याचे नाव ऑस्कर बार्नाक. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीत तो १९११ पासून नोकरीला होता. प्रकृती नाजूक, दम्याचा त्रास. काचेच्या पट्ट्यांचा अवजड कॅमेरा घेऊन हिंडणे त्याला झेपत नसे.

सिनेमात ही फिल्म उभी धावते आणि एक चौकट १८ बाय २४ मिमीची असते. बार्नाकने फिल्म आडवी धावती केली आणि चौकट दुप्पट, म्हणजे २४ बाय ३६ मिमीची घेतली. खिशात मावेल असा कॅमेरा तयार झाला. पुढे महायुद्ध आले. अखेर १९२४ मध्ये मालक अर्न्स्ट लाइट्झ यांनी जोखीम पत्करून उत्पादनाचा निर्णय घेतला आणि १९२५ च्या लाइपझिग येथील वसंत जत्रेत 'लायका' लोकांसमोर आला.

लेन्सचे महत्त्व येथेच सुरू होते. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत काचेची पट्टी हीच फोटोच्या आकाराची असे, तिच्यावरून थेट छाप काढता येई. लायकाची निगेटिव्ह टपाल तिकिटाएवढी. ती अनेक पटींनी मोठी करावी लागे, आणि चित्र मोठे करताना लेन्सचे दोषही तितक्याच पटीने मोठे होत. त्यामुळे छोट्या कॅमेऱ्याला मोठ्या कॅमेऱ्याहून सरस भिंग हवे होते. ते काम लाइट्झमधील शास्त्रज्ञ माक्स बेरेक यांनी केले. त्यांच्या चार काचांच्या ५० मिमी एफ/३.५ 'एल्मार'ने लायकाचे नाव केले.

सहा पृष्ठभाग आणि आठ पृष्ठभाग

पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली म्हणजे एफचा आकडा. तो जितका लहान तितका प्रकाश जास्त. एफ/२ वरून एफ/१.४ वर आलो की प्रकाश दुप्पट होतो. दुसरी म्हणजे रेंजफाइंडर. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की अंतर जुळले. आत आरसा नसल्याने लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते, म्हणून या लेन्स आटोपशीर राहतात. पण लेन्सची कडी आणि खिडकीतील प्रतिमा यांची सांगड अतिशय बारकाईने घालावी लागते. किमतीचा एक मोठा भाग या यांत्रिक कामाचा असतो.

ही सांगड घातलेले दोन कॅमेरे १९३२ मध्ये आले. लाइट्झचा 'लायका दोन' आणि झाइस इकॉनचा 'कॉन्टॅक्स'. झाइस ही काचेच्या धंद्यातील बलाढ्य कंपनी. तिच्याकडे लुडविग बेर्टेले हा विलक्षण प्रतिभेचा रचनाकार होता. त्याने कॉन्टॅक्ससाठी 'सोनार' लेन्स दिली, एफ/२ आणि एफ/१.५ अशा दोन प्रकारांत.

सोनारची खुबी साध्या बेरीज-वजाबाकीने कळते. काच आणि हवा जेथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, आणि त्यातला काही आतल्या आत घुटमळून चित्र धुरकट करतो. बेर्टेलेने एफ/१.५ सोनारमधल्या सात काचा एकमेकींना चिकटवून तीनच गट केले. हवेला लागणारे पृष्ठभाग झाले फक्त सहा. लाइट्झच्या १९३३ च्या एफ/२ 'सुमार' लेन्समध्ये चार गट, म्हणजे आठ पृष्ठभाग. एफ/१.५ ची बरोबरी करण्यासाठी लाइट्झने १९३६ मध्ये श्नायडर कंपनीची 'झेनॉन' रचना घेतली. तिच्यात पाच गट, दहा पृष्ठभाग. हिशेब मांडला तर सोनारमध्ये सुमारे २२ टक्के प्रकाश वाया जात होता, झेनॉनमध्ये ३४ टक्क्यांच्या आसपास. कमी उजेडात काम करणाऱ्या बातमीदाराला हा फरक डोळ्यांनी दिसत होता. त्या काळी सोनारला जास्त पैसे मोजणारा माणूस खरोखरच जास्त काही मिळवत होता.

पण पुढारी कायमचा पुढे राहत नाही. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर अतिपातळ लेप देऊन परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. युद्धानंतर हा लेप सगळीकडे रुळला आणि पृष्ठभागांची संख्या पूर्वीइतकी निर्णायक राहिली नाही. लाइट्झने तीच झेनॉनची रचना लेप देऊन १९४९ मध्ये 'सुमारिट' नावाने आणली. सोनारच्या जादा किमतीमागे जे मोठे कारण होते, ते लेपाने बरेचसे पुसून टाकले.

युद्धाने फुटलेली विद्या

१९४५ मध्ये ड्रेस्डेन बेचिराख झाले. झाइसचे येना गाव सोव्हिएत अमलाखाली गेले. त्याआधी अमेरिकनांनी काही शास्त्रज्ञांना पश्चिमेकडे हलवले होते, त्यांनी पुढे ओबरकोखेन येथे वेगळी झाइस उभी केली. कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएतांनी कीव्हला नेली आणि तेथे 'कीव्ह' कॅमेरा निघू लागला. सोनारच्या रचनेवर 'ज्युपिटर' लेन्स निघाल्या. नगा-नगांत फरक पडे, पण चांगला नग हाती लागला तर बेर्टेलेची विद्या अगदी थोड्या पैशांत मिळे.

जपानमध्ये निप्पॉन कोगाकू या १९१७ साली स्थापन झालेल्या कंपनीनेही सोनारच्या धर्तीवर 'निक्कोर' लेन्स केल्या. १९५० मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने ८५ मिमी एफ/२ निक्कोरने त्यांचा एक फोटो काढला आणि मोठी प्रत करून दाखवली. ती पाहून डंकन चकित झाले. ते थेट कारखान्यात गेले, आपल्या जर्मन लेन्स आणि निक्कोर यांची प्रक्षेपकावर तुलना करून पाहिली, आणि निक्कोर विकत घेतल्या. काही दिवसांतच कोरियाचे युद्ध पेटले आणि डंकन यांनी ते याच लेन्सनी टिपले. त्याच डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जपानी कॅमेऱ्यांवर लेख आला. जर्मन मालाहून कमी दराची वस्तू जर्मन मालाच्या पंक्तीला बसली होती.

डंकन यांनी दरपत्रक पाहून मत बनवले नाही, नावही पाहिले नाही. दोन लेन्सची चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. तुलनात्मक तक्ता म्हणतात तो हाच.

अंधाराची किंमत

१९५४ मध्ये लायका 'एम-३' आला. त्याचा रेंजफाइंडर इतका सरस होता की स्पर्धकांना तो गाठणे कठीण झाले. निप्पॉन कोगाकूने १९५९ मध्ये आरसा असलेला 'निकॉन एफ' काढला आणि जग त्या प्रकाराकडे वळले. कॅननने १९६१ मध्ये रेंजफाइंडरसाठी ५० मिमी एफ/०.९५ अशी लेन्स काढली खरी, पण पुढे तीही कंपनी या प्रकारातून बाहेर पडली. हळूहळू रिंगणात जवळजवळ एकटी लायका उरली. आमच्या भाषेत सांगायचे तर निविदा एकच आली. एकच निविदा आली की दर कोण ठरवतो, हे वेगळे सांगायला नको.

याच काळात लायकाने अंधाराशी झुंज घेतली. १९६६ मध्ये एफ/१.२ 'नॉक्टिलक्स' आली. तिच्यातील दोन पृष्ठभाग गोलाकाराच्या हिशेबाबाहेरचे, म्हणजे अगोलीय होते. असे पृष्ठभाग घासण्यासाठी खास यंत्र आणि निष्णात हात लागत, आणि बरेच नग बाद होत. सुमारे नऊ वर्षांत दोन हजारांहूनही कमी लेन्स बनल्या. कॅनडातील मिडलंड येथे लाइट्झची शाखा होती. तेथील वॉल्टर मांडलर यांनी उच्च अपवर्तनांकाची काच वापरून, अगोलीय पृष्ठभागाशिवाय, १९७६ मध्ये एफ/१ नॉक्टिलक्स केली. छिद्र मोठे, घडण सोपी. ती २००८ पर्यंत टिकली.

असेच ३५ मिमीमध्ये घडले. १९९० च्या एफ/१.४ 'सुमिलक्स'मध्ये दोन पृष्ठभाग खास घासलेले होते. १९९४ च्या सुधारित लेन्समध्ये साच्यात दाबून केलेला एकच अगोलीय पृष्ठभाग पुरला. नवी लेन्स जुनीइतकीच समर्थ, आणि करायला सोपी. तरी आज संग्राहक जुन्या लेन्सला कितीतरी अधिक पैसे देतात, कारण ती दुर्मीळ आहे. १९६६ च्या नॉक्टिलक्सचीही तीच गत. २०२१ मध्ये लायकाने ती जुनीच रचना पुन्हा काढली आणि किंमत ठेवली सात हजार डॉलरच्या वर. कडेला मऊ पडणारे जुने चित्रच आता हवेहवेसे झाले आहे. २०२२ मध्ये बार्नाक यांचा स्वतःचा, १०५ क्रमांकाचा कॅमेरा वेत्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. येथे कामगिरीचा रकाना कोराच आहे.

स्पर्धा परतली

१९९९ मध्ये जपानच्या कोसिना कंपनीने रिंगणात पाऊल टाकले. तिचे प्रमुख हिरोफुमी कोबायाशी यांनी फोइग्टलँडर हे नाव वापरण्याचा हक्क मिळवला. हे नाव १७५६ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेल्या पेढीचे, म्हणजे लायकाहून कितीतरी जुने. कोसिनाने आधी जुन्या लायकाच्या ३९ मिमी आट्यांसाठी आणि पुढे एम माउंटसाठी लेन्स काढल्या. २००४ मध्ये झाइसनेही एम माउंटच्या लेन्स जाहीर केल्या, आणि त्यातील बहुतेक कोसिनाच्याच कारखान्यात बनल्या. निविदा पुन्हा तीन झाल्या.

आता आकडे मांडू. २००८ मध्ये लायकाने एफ/०.९५ नॉक्टिलक्स आणली, दहा हजार डॉलरच्या घरात. पुढच्या वर्षी फोइग्टलँडरची एफ/१.१ 'नॉक्टन' आली, हजार-बाराशे डॉलरला. एफ/०.९५ ला एफ/१.१ पेक्षा प्रकाश मिळतो ३४ टक्के जास्त, किंमत पडते आठ-नऊपट. कोणी म्हणेल, हा सरळ लुटीचा मामला. तसे म्हणता येत नाही. छिद्र पूर्ण उघडे असताना कडेपर्यंत स्पष्टता टिकवण्यात लायकाची लेन्स पुढे आहे, आणि तिची जोडणीही अवघड आहे. एक मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ/०.९५ ला काढला, तर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर असते. नाक स्पष्ट आले तर कान नाही. इतक्या अरुंद पट्ट्यात खिडकीतील प्रतिमा आणि लेन्स यांची सांगड चुकू न देणे हे कसबी कारागिराचे काम आहे आणि त्याची मजुरी द्यावीच लागते. परंतु कामगिरीतला शेवटचा थोडासा भाग सगळ्यात महाग पडतो, हे कोणत्याही अभियंत्याला मान्य व्हावे.

आणि सुरुवातीची फाइल? एपो-सुमिक्रॉनमध्ये लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग एकाच जागी आणण्याचे काम आठ काचांत केले आहे. फोइग्टलँडरने दहा काचा घेतल्या. लायकाची लेन्स थोडी आखूड आहे, आणि ती आठ वर्षे आधी आली. आमच्या मते सातपट दराच्या फोडीत हे 'आधी' फार मोठे आहे. सोनार आधी आली, मग ज्युपिटर आणि निक्कोर. घासलेला पृष्ठभाग आधी, मग साच्यातला. लायकाची एपो आधी, मग फोइग्टलँडरची. जो वाट पाडतो तो तिचा खर्च पहिल्या गिऱ्हाइकांकडून वसूल करतो, आणि त्यात गैर काही नाही. मागून येणाऱ्याला तीच वाट स्वस्तात मिळते. वाट रुळल्यावरही पहिल्याचा दर उतरत नाही, तेव्हा वरचे पैसे नावाचे असतात. म्हणून आमच्या शेऱ्यात तीन कलमे येतील : किती पैसे कामगिरीचे, किती पहिलेपणाचे आणि किती नावाचे. तिसऱ्या कलमाचे पैसे हौसेने द्यायला हरकत नाही. मात्र ते कामगिरीचे समजून देऊ नयेत.

बडोद्याचा राजवाडा आणि माळ्यावरची पेटी

३० जानेवारी १९४८ च्या रात्री दिल्लीत बिर्ला हाऊसच्या फाटकावर चढून पंडित नेहरूंनी गांधीजींच्या मृत्यूची वार्ता जमावाला सांगितली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ तेथे लायका घेऊन उभे होते. दिव्याच्या तुटपुंज्या उजेडातला तो फोटो हललेला आहे, दाणेदार आहे. कोणत्याही चाचणीत तो नापास होईल. तरी त्या रात्रीची ती साक्ष आज जगभर पाहिली जाते. त्याच वर्षी कार्तिए-ब्रेसाँ बडोद्यासही आले आणि महाराज प्रतापसिंहराव व महाराणी सीतादेवी यांच्या काळातील राजवाडा त्यांनी टिपला. संस्थान विलीन होण्याच्या उंबरठ्यावरचे ते बडोदे होते. त्यांची आवडती लेन्स साधी ५० मिमीची.

आपल्यापैकी काही घरांत माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा कॅमेरा अजून असेल. त्याच्याबद्दल थोडे व्यवहाराचे सांगून थांबतो. सापडला तर लेन्स धोतराच्या टोकाने पुसू नका. जुन्या लाइट्झ सुमारची पुढची काच इतकी मऊ असते की पुसण्यानेच तिच्यावर चरे पडतात. लेन्सला विजेरी लावून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहा. आपल्या पावसाळ्यात ती हटकून धरते. वर 'लायका' कोरलेले दिसले म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. 'फेड' आणि 'झोर्की' या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव कोरून विकण्याचा धंदा जुना आहे. पण तो फेड निघाला म्हणून भंगारातही देऊ नका. त्याची लेन्स एका साध्या अडॅप्टरने आजच्या आरसाविरहित डिजिटल कॅमेऱ्यावर बसते आणि अजूनही सुरेख चित्र देते.

यंदा मंडळात समईच्या उजेडात आरती चालू असेल तेव्हा एखाद्या नातवाने ती लावून पाहावी. एफ/२ इतके छिद्र आजच्या कॅमेऱ्याला त्या उजेडात पुरेसे होते. फोटोमागे तारीख आणि सगळ्यांची नावे मात्र आठवणीने लिहावीत. पन्नास वर्षांनी स्मरणिका काढणाऱ्यांना लेन्सच्या किमतीपेक्षा त्यांचाच उपयोग होणार आहे.